बदामाच्या पानावर जळणारा फिल्टर

मित्रांनो, घरातल्या फिशटँकच्या कोपऱ्यात दिवसभर गुरगुरत बसलेला फिल्टर तुम्ही पाहिला असेल. मासे सगळ्यांना दिसतात, रंगीत दगडही दिसतात. त्याच्याकडे मात्र कोणी वळून बघत नाही. धारगळच्या गौरेशबाबच्या घरातला तसाच एक जुना फिल्टर म्हणजे मी.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. पोटात मोटर, स्पंजाचा तुकडा आणि कोळशाची पिशवी, एवढाच माझा संसार. म्हापशाच्या दुकानातून गौरेशबाबनी मला आणले तेव्हा त्यांची मुलगी क्षमा काचेला नाक लावून बसली होती. मी पाणी ओढायचो, घाण स्पंजात अडकायची, रंग आणि वास कोळसा शोषून घ्यायचा. पाहुणे म्हणत, "गौरेश, उदक कितें निवळ रे तुझें! झरीचें दिसता." गौरेशबाबची छाती फुगे आणि मी जरा जास्तच जोरात गुरगुरे.

मग फटिंग आला. फटिंग म्हणजे लबाड. क्षमाने वाढदिवसाला हट्टाने मागून घेतलेला लालभडक फायटर मासा तो. दाणे गिळायचा आणि जणू काही मिळालेच नाही असे तोंड करून परत वर यायचा, म्हणून तिने हे नाव ठेवले. त्याची शेपटी त्याच्या अंगापेक्षा मोठी. माझ्या धारेत तो भेलकांडत जाई. मला वाटे, खेळतो आहे.

काही आठवड्यांत त्या शेपटीच्या कडा जुन्या लुगड्यासारख्या विरू लागल्या. रंग उतरला. दाणे तसेच तळाशी पडू लागले. गौरेशबाबनी पाणी बदलले, औषधाचे थेंब टाकले. त्या थेंबांचा निळा रंग मी संध्याकाळपर्यंत शोषून टाकला. पाणी पुन्हा निवळ! मी खूश. मासा मात्र तसाच कलंडलेला.

शेवटी क्षमाची आई, देवकीबाय, हिने डिचोलीला दिराला फोन केला. हा गौरेशबाबचा धाकटा भाऊ साईश. त्याचे मासे सगळ्या नात्यात नावाजलेले, आणि गौरेशबाबना नेमके तेच खपत नसे. साईशच्या टाकीतले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे. "तें उदक न्हय, गटार," असे गौरेशबाब म्हणत, आणि मला ते ऐकायला फार गोड वाटे. आम्ही दोघे एकाच आजाराचे रोगी.

साईश आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकी, तपकिरी पाने घेऊन.

"देशी बदामाचीं पानां, दादा. झाडावरून सुकून पडिल्लीं. धुवून एक घाल."

"माका नाका तुजो पाचोळो."

"पाचोळो न्हय रे. ह्या पानाचो रस माशांक मानवता. जखमेर बुरशी बेगीन धरना. जादू न्हय, पूण आदार जाता."

"माझें उदक निवळ आसा!"

"उदक निवळ आसा. मासो मरता."

तेव्हा क्षमा रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, राग तुमचो काकाचेर. फटिंगाक कित्याक मारतात?"

गौरेशबाबनी पान उचलले, नळाखाली चोळून धुतले आणि स्वतःच्या हाताने टाकीत सोडले.

काय सांगू मित्रांनो! मी वर्षानुवर्षे राबलो, आणि सगळ्यांचे डोळे लागले होते एका मेलेल्या, भोके पडलेल्या पानावर. ते पान काही करत नव्हते. ना मोटर, ना वीज. नुसते तरंगत राहिले, मग भिजून तळाशी जाऊन पडले. त्याचा तपकिरी रंग सुटला की मी तो ओढून घेई. सुटला की ओढ, सुटला की ओढ. पाणी काही रंगेना. बघतोच, म्हटले, कोण जिंकते ते.

साईश पुन्हा आला आणि त्याने एका नजरेत ओळखले. "दादा, फिल्टरांतलो कोळसो पानाचो रस खाता. आनी ही धार बघ, तिकाच लागून शेपटी फाटता." गौरेशबाबनी माझी वायर काढली आणि मला खिडकीत ठेवून दिले.

तिथून मी सगळे पाहिले. स्पंज सुकून कडक झाला, माझ्या पोटात मुंग्या फिरू लागल्या. इकडे पाणी हळूहळू चहाच्या रंगाचे झाले. फटिंग त्या पानावर अंथरुणावर टेकावे तसा टेकू लागला. देवकीबाय रोज थोडे पाणी बदलत होती, तिचेही नाव कोणी घेत नव्हते. शेपटीच्या कडेला पातळ, पारदर्शक पदर फुटला, आणि क्षमाने घर डोक्यावर घेतले, "पान लागू पडलें!" गौरेशबाबही फोनवर सोबत्यांना पानाचीच महती सांगू लागले. माझे गौरेशबाब! मी आतल्या आत जळत होतो, आणि जळायला मोटरसुद्धा चालू नव्हती.

पण क्षमाला वाटले, एका पानाने इतके, तर ओंजळभर पानांनी किती! हमरस्त्याकडेच्या बदामाखालून तिने पाने वेचली, धूळ आणि गाड्यांचा धूर खाल्लेली, आणि न धुताच टाकीत घातली. पाण्यावर पांढरट साय धरली. कुबट वास सुटला. 'घ्या आता तुमचे पान!' मला गुदगुल्या झाल्या. एवढ्यात फटिंग दिसला. पाण्याच्या वर तोंड काढून तो श्वासासाठी धडपडत होता, आणि क्षमा त्याला हाका मारत होती. माझ्या गुदगुल्या तिथेच थिजल्या. मला फक्त टाकीत जायचे होते.

गौरेशबाबनी पाने उपसली, निम्मे पाणी बदलले, आणि ज्याचे नाव नको असे त्यालाच स्वतः फोन लावला.

"साईश, चुकलां रे आमचें. सांग, आतां कितें करूं?"

"फिल्टर खंय आसा? लाय तो परत. कोळसो नाका, धार बारीक कर. पान रस दिता दादा, घाण काडिना."

घाण काडिना! ते दोन शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

स्पंज धुऊन मला बसवले. मी खोकलो, हवा ओकलो आणि मग लागलो कामाला, अगदी हलक्या धारेने. दुसऱ्या दिवशी फटिंगने दाणे खाल्ले.

आता टाकीत एकच धुतलेले पान असते, आणि मी असतो. पाणी चहाच्या रंगाचे आहे, निवळपणाचे कौतुक संपले. क्षमा नवे पान उजेडात धरून, वास घेऊन निवडते, तेव्हा अजूनही मला चरचरते. खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, मासे पाळाल तर स्वच्छ जागचे, आपोआप गळलेले पान आणा, धुऊन घाला, विरले की काढा, आणि पाणी बदलायचा कंटाळा करू नका. माझ्यासारख्याचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाच्या पाण्याने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. आणि पिळताना एखादा बरा शब्द बोला. कोपऱ्यात गुरगुरणाऱ्यालाही तो ऐकू येतो.