दम खायची खुर्ची

मित्रांनो, दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी असलेली जुनी लाकडी खुर्ची कधी दिसली, तर ओळख द्या. ती मीच.

एका सुताराने मला सागवानातून घडवले. सुरुवातीची वर्षे मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. रोज अंगावरून फडके फिरे. पुढे गादीच्या, चाकांच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. एक हात निखळला, धूळ साचली. पण देवाने माझ्यासाठी काम राखून ठेवले होते. फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या विभागाला न घसरणारी खुर्ची हवी होती. माझा हात पुन्हा बसवला गेला आणि मी या व्हरांड्यात आले.

इथे रोगी सहा मिनिटे चालतात. किती अंतर कापले, धाप किती लागली, रक्तातला प्राणवायू किती उतरला, हे तपासणाऱ्या ताई पाहतात. त्यात फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या फुंकण्याच्या यंत्राचा आकडा आणि रोग्याचे वजन धरून डॉक्टर आजाराचा पुढचा अंदाज बांधतात. दम लागला तर बसायला मी. पण सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मी नापासांचा बाक!

एकदा बेकरीवाले काका आले. सारा जन्म पिठात आणि भट्टीच्या धुरात गेलेला. सोबत काकू. घरी प्राणवायूचे यंत्र द्यायचे की नाही, हे या तपासणीवर ठरणार होते. काका असे सुटले, जणू भट्टीत पाव करपताहेत. परतताना मात्र थबकले आणि भिंतीवरचे चित्र न्याहाळू लागले.

"दम लागलाय का, काका?" ताईंनी विचारले.

"छे! चित्र बघतोय. छान काढलंय."

"हात कसे धुवायचे ते दाखवलंय त्यात!" काकू म्हणाल्या. "बाजारातही असंच करतात हे. चपलेची नाडी बांधतो म्हणून खाली बसतात. चपलेला नाडी असते होय?"

ताई हसल्या नाहीत. "काका, तुम्ही नाही म्हणालात तर मी तसंच लिहीन. मग यंत्र मिळायचं नाही."

काकांनी काकूंकडे पाहिले आणि हळूच माझ्यावर टेकले. "लागलाय," ते म्हणाले. "फार लागलाय गं." काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने काका उठले आणि उरलेला वेळ सावकाश चालले.

डॉक्टर व्हरांड्यातच आले. आकडे पाहून म्हणाले, "यंत्र लागेल. आजार पूर्ण बरा होणार नाही, आणि पुढची वर्षं सोपी नसतील. पण रोज थोडं चाला, नीट जेवा, औषध चुकवू नका."

"वर्षं म्हणालात ना, डॉक्टर?" काकूंनी विचारले.

"हो. वर्षं."

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि काकांना म्हणाल्या, "चला आता. सावकाश."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला धाप लागत असेल, तर जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवा. ती मोडकी असेल तर दुरुस्त करून घ्या. आणि तिच्यावर कुणी बसले, तर "झालं का?" असे विचारू नका. नुसते शेजारी उभे राहा.