साऊंडवाल्याचं नाव

पौडच्या कमरबीला कुणी आधी सांगितलं असतं, की बाई, म्हातारपणी तू केसाळ लोकांच्या गिटारीच्या फिल्मा बघायला मारुंजीला जाशील आणि त्यातली कुठली फिल्म झकास, कुठली टुकार यावरून भर बाजारात भांडशील, तर तिनं सांगणाऱ्याला लाटणंच दाखवलं असतं. पण झालं खरं तसंच. आणि आता तिला विचारा, त्या गच्चीवरच्या पोरांना ती अजून दुवा देते.

तिचा नवरा नसीर मुलाणी साऊंडवाला. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या शेतावरचा गोंधळ असो, नसीरचा टेम्पो दारात उभा असायचाच. अलीकडं मात्र त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. पुण्याच्या डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं, स्पीकरच्या बॉक्सशेजारी बसणं सोडा, नाहीतर अजिबात ऐकू यायचं नाही. मग ठरलं, एवढा हंगाम काढायचा आणि सगळं सामान पिरंगुटच्या एका डीजेवाल्याला देऊन टाकायचं. तोवर कमरबी प्रत्येक कामाला त्याच्यासोबत जायला लागली. माईक शिट्टी मारायला लागला की ती त्याच्या गुडघ्यावर थाप मारायची, तो बटण खाली घ्यायचा. म्हणजे कान तिचे आणि हात त्याचे, असा त्यांचा धंदा चालला होता.

त्यातच मारुंजीचं काम आलं. तिथं हिंजवडीच्या कंपनीत कामाला असलेला निरंजन नावाचा एक भाडेकरू पोरगा होता. दर रविवारी दिवेलागणीला इमारतीच्या गच्चीवर चादर बांधायचा आणि रॉकवाल्यांच्या फिल्मा दाखवायचा. कधी अख्खा जलसा, कधी त्या बँडची जन्मकहाणी. त्याला दणदणीत आवाज हवा होता, म्हणून कुणीतरी नसीरचा नंबर दिला.

पहिल्याच रविवारी गंमत झाली. चादरीवर एक दाढीवाला आला, त्यानं गिटारीला हात घातला आणि असा खरखरीत आवाज निघाला, की नसीर ताडकन उठला.

"गेला! आतला कागद फाटला बॉक्सचा!" असं ओरडून त्यानं मशीन बंद केलं आणि तोंडात टॉर्च धरून बॉक्सची जाळी खोलायला बसला.

पोरं हां हां म्हणत धावली. निरंजन समजावतोय, "नसीरभाई, तो आवाज तसाच असतो. मुद्दाम फाडलेला असतो."

मुद्दाम! ज्या माणसानं फाटका आवाज येऊ नये म्हणून उभा जन्म जिवाचं रान केलं, त्याला हे सांगायचं! नसीर कसला ऐकतोय? त्यानं दुसरा बॉक्स जोडला. त्यातूनही तोच आवाज आला, तेव्हा कुठं गडी गप झाला. "फाटकाच पायजे व्हता तर आधी सांगायचं," तो म्हणाला, "घरी चार पडल्यात तसले." गच्ची हसून हसून लोळायची बाकी राहिली.

त्या दिवसापासून दोघं पोरांची झाली. जुईली नावाची पोरगी कमरबीच्या शेजारी बसायची आणि इंग्रजी बोलणं मराठीत सांगायची. कमरबीला आधी वाटायचं, हा काय दंगा! पण हळूहळू गोडी लागली. एका फिल्ममध्ये एक बाई भर पावसात अनवाणी गात होती, समोर हजारो माणसं भिजत होती आणि कुणी म्हणजे कुणी हलत नव्हतं. कमरबीच्या अंगावर काटा आला. नसीरचं मात्र गाण्याकडं लक्षच नव्हतं. "अगं, वायरी भिजल्यात की! करंट बसंल ना तिला!" असं म्हणत तो शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसला.

तिची लाडकी फिल्म मात्र वेगळी होती. त्यात चार दोस्त असतात, नावारूपाला येतात, भांडतात, वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मग म्हातारपणी एका शेडमध्ये जमतात. माफी कुणीच मागत नाही. एक जण दुसऱ्याची गिटार उचलतो आणि तिच्या तारा नुसत्या जुळवून देतो. झालं, वाजवायला लागतात. "ही तर आपली भावकीच की गं!" असं कमरबी पौडच्या बाजारात भाजी विकणाऱ्या माले गावच्या साळूबाईला पटवून सांगायची. साळूबाई म्हणायची, "आमच्या भावकीला गिटार दिली तर डोक्यात घालत्याल." आणि एक फिल्म होती, तिच्यात गायक सगळा वेळ सोफ्यावर बसून रडगाणं गात होता. ती टुकार. गाणी कमी, गाऱ्हाणी फार. यावर जुईलीचं आणि तिचं कडाक्याचं वाजलं होतं.

मग होळीच्या सुमारास ती फिल्म आली. एका बँडच्या शेवटच्या दौऱ्याची. त्या बँडसोबत पहिल्यापासून एक जाडा माणूस होता, खोकी उचलायचा, वायरी जोडायचा, गर्दीच्या पार मागं अंधारात बसून आवाज सांभाळायचा. शेवटच्या जलशात गायक गाता गाता थांबला. लांब बोट करून त्यानं त्या माणसाचं नाव घेतलं. त्याच्यावर उजेड पडला. सगळी माणसं मागं वळून टाळ्या वाजवायला लागली आणि त्या बिचाऱ्याला काय करावं कळेना, तो आपला स्वतःच्या हातांकडं बघत उभा राहिला.

जुईली हे सांगत होती, तेवढ्यात नसीर उठला आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभा राहिला. कमरबीच्या गुडघ्याशेजारची जागा रिकामी राहिली आणि आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवर कुणीच नव्हतं.

परतताना टेम्पोत नसीरनं आधी काच वर केली. मग म्हणाला, "त्याचं नाव घेतलं, कमर."

"बघितलं की मी."

"माझ्या माईकवरनं लोकांनी कुणाकुणाची नावं घेतली. शेळी हरवली तरी पुकारलं. माझं न्हाई घेतलं कधी कुणी. साऊंडवाले म्हणत्यात. ते पण शिट्टी वाजली तरच." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

कमरबीला वाटलं, हा माणूस आता दुकान बंद करणार आणि एवढी एक साधी गोष्ट राहून जाणार! छे, तिला ते सहन होईना. दुसऱ्याच दिवशी ती भरे गावाला हैबतरावांकडं गेली. हैबतराव तिथल्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष, आणि जत्रेचा साऊंड दरवर्षी नसीरचाच. जत्रेत सत्कारांचा नुसता पाऊस असतो. शाल, नारळ, टोपी, आणि माईकवरून नाव.

"आमच्यांचं हे शेवटचं वर्ष हाय," ती म्हणाली. "तेवढं नाव घ्या त्यांचं."

"अहो भाभी, त्यात काय! शाल पण देऊ," हैबतराव म्हणाले, आणि चहा पाजल्याशिवाय त्यांनी तिला सोडलं नाही.

तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही. जत्रेदिवशी नुसता पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. त्यानं एकदा शर्टाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं घातला. म्हणजे त्याला समजलंच होतं!

सत्कार सुरू झाले. पाण्याचा टँकर देणाऱ्याचा झाला, मंडपाला जागा देणाऱ्याचा झाला, पाहुण्यांचा झाला, अहो, पाहुण्यांच्या ड्रायव्हरचासुद्धा झाला. नसीर मिक्सरशेजारी ताठ बसलेला. आणि मग हैबतराव माईकवर म्हणाले, "ओ साऊंडवाले, जरा आवाज वाढवा की! जेवला न्हाई काय?" सगळी जत्रा हसली. नसीरनं आवाज वाढवला. तेवढ्यावर सत्कार संपले आणि तमाशाचा खेळ सुरू झाला.

हैबतराव वाईट माणूस नव्हे. विसरला, एवढंच. पण लागायचं ते लागलंच. घरी येऊन नसीरनं तो शर्ट घडी करून ठेवला आणि कमरबीला म्हणाला, "माझं नाव घ्या म्हणून तू कुणाला सांगत जाऊ नगंस." मागून आणलेला मान त्याला नको होता, आणि ते बरोबरच होतं. कमरबीला स्वतःचाच राग आला.

मारुंजीचा शेवटचा रविवार उजाडला. पोरांनी फिल्म निवडायचा मान कमरबीला दिला होता, तिनं भावकीची निवडली. फिल्म संपली, दिवे लागले. त्या गच्चीवर एक रीत होती. फिल्म झाली की माईक फिरायचा आणि ज्याला वाटेल तो दोन शब्द बोलायचा. कमरबीनं तो माईक कधी तोंडापाशी नेला नव्हता, पुढं सरकवायची. आजही तो तिच्यापर्यंत आला. निरंजन सगळ्यांचे आभार मानायला पलीकडं उभाच होता, आणि ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. घेतोय का हा तरी नाव?

आणि एकदम तिच्या डोक्यात आलं. अगं बये, तू किती दिवस लोकांच्या तोंडाकडं बघत बसणार? तुझ्या तोंडाला काय कुलूप घातलंय?

कुलूप होतंच तसं. तिच्या माहेरी, सासरी, साऱ्या मावळात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. "अवो", "ऐकलं का", "आमचे हे". दवाखान्यात नाव विचारलं तर ती शेजारणीला सांगायला लावायची. लग्न झाल्यापासून ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं.

तिनं माईक घट्ट धरला आणि उभी राहिली.

"फिल्म चांगलीच हाय, मी निवडलीया," ती म्हणाली. पोरं हसली. "पर मला दुसरंच बोलायचंय. ते तितं मशीनपाशी बसल्यात ना, त्यांच्या माईकवर अख्ख्या मुळशीची लग्नं लागली. लोकांचा आवाज मोठा करता करता त्यांनी सोताचा कान घालवला. आज त्यांचं शेवटचं काम हाय. त्यांचं नाव..." तिनं डोक्यावरचा पदर सावरला. "त्यांचं नाव नसीर हाय. नसीर मुलाणी. अवो, तुमी लई चांगलं काम केलंत. अल्लाचं शुकर, मला तुमी मिळालात. बास, एवढंच."

मग जुईली उभी राहिली, निरंजन उभा राहिला, सगळेच उभे राहिले आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. नसीर मात्र बसूनच होता. एक हात मिक्सरवर होता आणि दुसऱ्या हातानं तो डोळे पुसत होता. कमरबीनं पदरात तोंड लपवलं. लाजेनं तिचे कान लाल झाले होते, पण मन असं हलकं झालं होतं, की असं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पोरांनीच सामान खाली नेऊन टेम्पोत भरलं. नसीरला एका वायरीला हात लावू दिला नाही. निरंजन त्याच्या पाया पडला, जुईली कमरबीच्या गळ्यात पडून रडली. मग दोघं टेम्पोत बसली. नसीरनं किल्ली घातली, पण गाडी चालू केली नाही.

"काय म्हणलीस माईकवर?" त्यानं विचारलं. "नीट ऐकू न्हाई आलं."

"चला आता, उशीर हुतोय."

"नाव काय म्हणलीस ते सांग."

कमरबीनं इकडं तिकडं बघितलं. मग त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "नसीर."

"मोठ्यानं."

"नसीर!" ती ओरडली. फाटकापाशी खुर्चीत बसलेला वॉचमन दचकून उभा राहिला.

नसीरनं मान मागं टेकली आणि डोळे मिटले. "गच्चीवरच ऐकू आलं व्हतं मला," तो म्हणाला. "पर ऐकू येतंय तवर ऐकून घेतो. अजून एकदा घे."

कमरबीनं परत नाव घेतलं.