अर्धा इंच बाहेर

साल एकोणीसशे अडुसष्ट. कॉलेजसाठी मी मावशीकडे राहायला गेले ते त्याच वर्षी. मावशी आतल्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. चाळिशी उलटलेली, लग्न नाही. आधी भावंडांचं केलं, मग आजीचं दुखणं काढलं, आणि मग घरात तो विषयच कुणी काढेनासं झालं.

तो काढला कारखान्यातल्या कटिंग मास्तरांनी. विधुर, अबोल माणूस. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन समोर बसले आणि सरळ विचारलं. विचार करून सांगते, असं ती म्हणाली. हे तिने मला भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. त्या दिवसांत ती गुणगुणायची.

मग गुणगुणणं थांबलं. न्हाणीघरात वेळ लागू लागला, पाऊल जपून पडू लागलं. डब्याच्या वेळी ती मास्तरांना चुकवून गोदामात बसते, हेही कानावर आलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जांघेत पुळ्या आल्यात. एक बसली की दुसरी येते."

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर उसळलीच. "काय सांगू तिथे? अशा जागी कशाने काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मला कुणी हात लावलेला नाही गं. पण खरं कोण मानेल? आणि हे घेऊन मी मास्तरांच्या घरात जाऊ?"

ती साबणाने घासून काढायची, सुईने टोचायची. त्याने वाढतच गेलं. शेवटी एक पुळी सुपारीएवढी झाली, अंगात ताप भरला, तेव्हा मी तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी विचारायचं ते साध्या आवाजात विचारलं. मावशी नाही म्हणाली. "नाही ना? मग झालं," म्हणत बाईंनी दिवा जवळ घेतला. प्रत्येक पुळी केसाच्या मुळाशी होती, आणि सगळ्या एका रेघेत. बाईंनी तिची चड्डी उचलून शिवणीवरून बोट फिरवलं. जाड, कडक शिवण, नेमकी जांघेच्या घडीवर.

"कुठून घेता या?"

"आमच्याच कारखान्यातल्या. नव्या नमुन्याचा नाकारलेला माल बायकांना फुकट देतात."

"आणि शिवतं कोण?"

"मीच."

बाई हसल्या. मावशीही हसली, आणि हसता हसता रडली.

मोठी पुळी बाईंनी चिरून साफ केली, गोळ्या दिल्या. ऊन पाण्याचा शेक, सैल सुती कपडे, आणि सुई अजिबात लावायची नाही. पुन्हा एखादी वाढली किंवा ताप आला तर लाजत बसायचं नाही, असं दटावलं.

बरी होऊन कामावर गेली तशी मावशी थेट कटिंगच्या टेबलापाशी गेली. काय बोलली ते तिनेच मला सांगितलं.

"मास्तर, नव्या नमुन्याची शिवण अर्धा इंच बाहेर घ्या. लागते."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. कागदी नमुन्यावर खडूने रेघ सरकवली. मग खडू खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही बोलेनाशा झालात, मी नकारच समजलो. वहिनींनी आणलेल्या स्थळाला परवाच शब्द दिला."

"छान केलंत," मावशी म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

शिवण सरकली तेव्हा शिलाईच्या हॉलमधल्या बायका हळूहळू बोलू लागल्या. निम्म्याजणींना तेच होत होतं. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या एकटीलाच.

मास्तरांचा संसार चांगला झाला. त्यांना मुलगी झाली. तिची झबली मावशीने शिवली, शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवून. त्या मुलीच्या लग्नाआधीच मास्तर गेले. डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी गेल्या, पुन्हा भेटल्या नाहीत. मावशी निवृत्तीनंतरही आम्ही दोघी राहायचो त्याच दोन खोल्यांत राहिली. माझ्याकडे चल म्हटलं की म्हणायची, तुझ्याकडे मला झोप लागत नाही. गेली तीही तिथेच, झोपेत.

माझे पती गेले, मुलं लांब आहेत. दुकानात गेले की मी अजून आतला कपडा उलटा करून शिवणीवरून बोट फिरवते. दुकानातली मुलगी म्हणते, आजी, आता एवढं कोण बघतं?