तेल लावलेले दगड

मित्रांनो, मी दगड ठेवायची एक जुनी पेटी आहे. झरीच्या वाटेवरच्या एका प्राथमिक शाळेत माझे आयुष्य गेले. मला मिरवायची हौस होती आणि त्या हौसेपायी एका मुलीचे नुकसान झाले. ते सांगताना आजही मला लाज वाटते.

काशीनाथ गुरुजींनी चहाच्या खोक्याच्या फळ्यांपासून मला बनवले आणि बारा कप्पे पाडले. मुलांनी ओढ्यातून, विहिरीच्या कामावरून दगड आणून ते भरले. काळा दगड, गारगोटी, गेरू, मुरूम, चुनखडी. गुरुजी प्रत्येकाच्या हातात दगड देत. खिळ्याने ओरखडा काढून पाहा, पाटीवर घासून रंग पाहा, असे सांगत. चुनखडीवर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येत आणि सारा वर्ग माझ्यावर ओणवा होई.

ती चुनखडी चौथीतल्या पंचफुलाने आणली होती. ती डोळे मिटूनही दगड ओळखायची. १९७३ साल होते, दुष्काळ होता. तिची आई सगुणाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. ती एकदा गुरुजींना म्हणाली, "तपासणीत पोरीनं नीट सांगितलं तर ऱ्हाऊ द्या साळंत. न्हाई तर तिला खडीवर नेते."

तपासणीच्या आदल्या दिवशी सिताराम शिपायाने घरून वाटीभर करडईचे तेल आणले. "साहेबाला समदं कसं चमकायला पायजे," म्हणत त्याने कापडाच्या बोळ्याने मला तेल चोळले. मग तोच बोळा दगडांवरून फिरवला. माझे अंग तकतकू लागले. मी इतकी खूश झाले की दगडांचे काय होईल हे माझ्या मनातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले, "यातली चुनखडी कोणती?" पंचफुलाने बरोबर दगड उचलला. "ह्यो हाय, साहेब. लिंबू पिळलं की फसफसतो." तिने लिंबू पिळले. रस तेलावरून घरंगळला. एक बुडबुडा आला नाही. मुले हसली. साहेबांनी वहीत शेरा लिहिला, 'पाठांतर आहे, समज नाही.'

गुरुजींनी तो दगड हातात घेतला. बोटांना तेल लागले. त्यांनी बोटे धोतराला पुसली आणि ते गप्प राहिले.

पंचफुला शाळेत यायची बंद झाली. चौथ्या दिवशी गुरुजी मला काखेत घेऊन खडीच्या कामावर गेले. पंचफुला आईशेजारी बसून हातोडी मारत होती. गुरुजींनी तिला चुनखडी फोडायला सांगितली. आतल्या कोरड्या भागावर लिंबू पिळले, तशी ती फसफसली.

"दगडाला तेल लागलं होतं. चूक पोरीची नव्हती," गुरुजी म्हणाले.

सगुणाबाईने हातोडी खाली ठेवली. "तुमाला तवाच ठावं होतं?"

"हो."

"मंग मला कशाला सांगायलाव, गुरुजी? साहेबाला सांगा की."

गुरुजींचा चेहरा उतरला. त्या दिवशीच ते एस.टी.ने परभणीला गेले. मी त्यांच्या मांडीवर होते. साहेबांसमोर त्यांनी सारे सांगितले, स्वतःचे गप्प राहणेही. साहेबांनी शेरा खोडून नवा लिहिला आणि पुढच्या सोमवारी पंचफुला शाळेत आली. तिच्या तळहातांना फोड आले होते.

मित्रांनो, तुमच्या शाळेत अशी पेटी असेल तर तिच्यातले दगड हाताळा, घासा, फुटले तर फुटू द्या. पण पाहुण्यांसाठी त्यांना चमकवू नका. आणि खरे सांगणारा खोटा ठरत असेल, तर तिथल्या तिथे बोला. पंचफुला परत आली खरी, पण त्यानंतर माझ्यातला कोणताही दगड उचलला की ती आधी तो परकराला घासून पुसायची आणि मगच त्याचे नाव सांगायची.