दीड हातावरची भिंत

मी बोलतोय, पण मला शोधायचं तर आधी चष्मा लावा. तांदळाच्या दाण्याएवढा आहे मी, अंतर मोजणारा सेन्सर. समोर प्रकाश फेकायचा, तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून समोरची वस्तू किती लांब आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. हा प्रकाश तुम्हाला दिसत नाही, म्हणून मी दिवसभर झोपा काढतो असं लोकांना वाटतं.

माझी पहिली नोकरी दवाखान्यातल्या एका नळात होती. हात पुढे आला की पाणी सोडायचं. माणसं माझ्यापुढे काय काय करायची! कुणी टाळ्या वाजवायचं, कुणी नळालाच चापट मारायचं. एक आजोबा तर "दे रे बाबा पाणी" म्हणत हात जोडायचे. मी द्यायचो. पुढे नळ गळायला लागला आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं तसा मीही भंगारात गेलो.

तिथून मला ताईनं उचललं. ताई टीव्ही-रेडिओ दुरुस्त करते. घरी तिचे बाबा आणि धाकटा भाऊ. बाबा जन्मभर गवंडीकाम केलेले. राहतं घरही त्यांनीच बांधलेलं. शेजारच्या जागेत नव्या इमारतीचा पाया खणायला सुरुवात झाली आणि यांच्या मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला.

"बाबा, भिंत अंगावर आली तर? भाड्याच्या घरात जाऊ या," धाकटा म्हणाला.

"ओळंबा लावून बांधलीय मी ती, तुझ्या जन्माआधी. जागची हलायची नाही."

"भांडू नका," ताई म्हणाली. "मोजू या."

तिनं मला लोखंडी मांडणीच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून बसवलं. भिंत माझ्यापासून दीड हातावर. तिच्या काळपट रंगावरून माझा प्रकाश धड परतेना, म्हणून ताईनं तिथे पांढरा कागद चिकटवला. खरं सांगतो, एकेका मोजणीत मी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे करतो. पण ताई माझ्याकडून हजारो वेळा मोजून घ्यायची आणि त्याची सरासरी काढायची. मग अर्ध्या मिलिमीटरची हालचालही सुटत नसे. माझ्यासारख्या धांदरटाकडून इतकं बारीक काम करून घेणं ही तिचीच करामत.

तिसऱ्या दिवशी घराची पाचावर धारण बसली. सकाळी दहाला शेजारचं खोदयंत्र सुरू झालं आणि भिंत दीड मिलिमीटर जवळ आली. संध्याकाळी यंत्र थांबलं, ती मागे गेली. चौथ्या दिवशी दोन. मग तीन. धाकट्यानं खोकी आणली, टेम्पो ठरवला. बाबांनी भिंतीकडे बघणंच सोडलं. ताटावरून अर्धवट उठायचे. ती बातमी मीच दिली होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टेम्पो यायच्या सकाळी बाबा दाढी करायला न्हाव्याकडे गेले. "जायचंच आहे तर माणसासारखं जाऊ," एवढंच म्हणाले. ताई मला काढायला आली आणि शेवटचं म्हणून तिनं लॅपटॉपवर पाहिलं. रेघ सरळ होती.

"यंत्र चालू आहे ना रे?"

"कान फुटायची वेळ आलीय, ताई!"

"मग भिंत हलत का नाही?"

तेवढ्यात बाबा आले आणि आपल्या रोजच्या जागी बसले. ही जागा त्यांनी मुद्दाम धरली होती. सामान न्यायला येणाऱ्याला अडवायचं म्हणून दाराकडे तोंड करून, मांडणीला पाठ टेकून ते रोज दहापासून संध्याकाळपर्यंत बसत. घरात खोकी वाढली तसे आणखी रेलून बसत. माझ्या पाठीमागचं मला कुठलं दिसायला!

ते टेकले आणि भिंत तीन मिलिमीटर जवळ आली.

"बाबा, उठा."

उठले. भिंत मागे.

"बसा. आता उठा."

"अगं, शाळेत आहे का मी?"

धाकटा आधी खो खो हसला, मग खोक्यावर बसून डोळे पुसायला लागला. टेम्पो रिकामाच परत गेला.

मी खोटं बोललो नव्हतो. पण भिंत माझ्याकडे आली की मी भिंतीकडे ढकलला गेलो, हे मला सांगता येत नाही. मला फक्त मधलं अंतर कळतं.

ताईनं मांडणी हलवली आणि मला फरशीत रोवलेल्या खांबावर बसवलं. पंधरा दिवस यंत्र धडधडत होतं, भिंत अर्धा मिलिमीटरही हलली नाही. मग इंजिनिअर आले. त्यांनी पाया उकरून पाहिला. तडा फक्त गिलाव्याला होता. "भिंत उत्तम आहे. कुणी बांधली?" त्यांनी विचारलं. बाबांनी नुसता घसा खाकरला.

तेव्हा मंडळी, अंतर बदललेलं दिसलं की खोकी भरायच्या आधी आपण कुठे टेकलोय ते बघा. आणि मला एवढ्यात काढू नका. हल्ली बाबा थेट भिंतीलाच टेकून बसतात, खांबाच्या दोन्ही बाजूंना पाय पसरून. पांढरा कागद त्यांच्या पाठीआड जातो, माझा आकडा एकदम वीतभर घसरतो, आणि कुणीही घाबरत नाही. समोर त्यांची छाती असते. चार मिलिमीटर पुढे, चार मिलिमीटर मागे. डुलकी लागलेली असते त्यांना. मी मोजत असतो.