दोनदा बोलणारी लेक

मिस्त्रींच्या लेकीला एक खोड होती. गिऱ्हाईक जे बोलायचं तेच ती पुन्हा बोलायची, बापाकडे तोंड करून, खणखणीत आवाजात. वर्षभर हेच चाललं होतं. मिस्त्रींचं डोकं उठायचं. "अगं, मी काय झोपलोय का?" ते खेकसायचे. ती हसायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा तेच!

आणि खेकसू नये तर काय करावं हो? चाळीस वर्षं या माणसाने नुसत्या कानावर गाड्या दुरुस्त केल्या. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला, दुसरं इंजिनवर फिरवायचं, की दुखणं सापडलंच. गाव त्यांना 'कानमिस्त्री' म्हणायचं. तो कान आता जवळजवळ गेला होता. पण हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची पक्की समजूत.

त्या सकाळी नर्सबाई तिसऱ्यांदा गाडी घेऊन आल्या. वीस वर्षांची जुनी गाडी, पण त्याच गाडीतून त्या घरोघरी पेशंट बघायला जायच्या. पहिल्या खेपेला मिस्त्रींनी प्लग बदलले, दुसऱ्या खेपेला कार्बोरेटर खोलून धुतला. दोन्ही वेळा नळी कानाला लावली होती. ऐकू काहीच आलं नव्हतं. ठोकून दिलं होतं झालं!

"मिस्त्री, रागावू नका हं. सिग्नलला उभी राहिली की अजून थरथरते, आणि चढावर दमच नाही तिच्यात."

"बाबा, उभी राहिली की थरथरते! चढावर ओढत नाही!"

"ऐकलं गं बाई!" म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं.

नर्सबाई चालू इंजिनाकडे बघत हळू आवाजात आणखी काहीतरी बोलल्या. मिस्त्रींना फक्त ओठ हलताना दिसले. सवयीने ते लेकीच्या आवाजाची वाट बघत राहिले. लेक गप्प. मान खाली घालून पाना पुसत होती, आधीच लख्ख असलेला.

मिस्त्रींच्या एकदम ध्यानात आलं. म्हणजे हिला सगळं माहीत होतं! वर्षभर ही खोड नव्हतीच. आणि आज जे बोललं गेलं, ते आपल्या मनाला लागू नये म्हणून पोर गप्प बसली होती.

"काय म्हणाल्या गं त्या?" मिस्त्रींनी विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा विचारलं.

लेकीने एकदा नर्सबाईंकडे बघितलं. "काल गाडी चढावर बंद पडली, म्हणाल्या. वर एक आजी इंजेक्शनची वाट बघत होत्या. तासभर कळवळत होत्या."

मिस्त्री नर्सबाईंकडे वळले.

"बाई, चूक माझी," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. दोन्ही वेळा मी अंदाजाने काम केलं. तुम्हाला सांगायची लाज वाटली हो."

मिस्त्रींनी खुंटीवरची नळी काढली आणि लेकीच्या हातात दिली. इतकी वर्षं त्या नळीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"लाव कानाला. इंजिन हवा आत ओढतं त्या वाटेवरून फिरव. सावकाश. कुठे फुसफुसतं ते सांग."

ती वाकली. नळी पुढे गेली, मागे आली, आणि एका जागी थांबली. "इथे! बाबा, इथे फुसफुसतंय!"

मिस्त्रींनी हात घातला. बोटाएवढा रबरी पाइप, वरून धडधाकट, खालून चांगला दोन बोटं चिरलेला. तिथून फुकटची हवा आत शिरत होती. मग इंजिन थरथरेल नाही तर काय करेल? त्यांनी चीर चिमटीत दाबून धरली. दुसरा तळवा गाडीच्या अंगावर ठेवला. हादरे थांबले, ते त्यांना तळव्याला कळलं.

"फुसफुस थांबली ना गं?"

"थांबली, बाबा!"

अर्ध्या तासात नवा पाइप बसवून झाला. नर्सबाई लेकीला घेऊन चढावर एक फेरी मारून आल्या. निघताना खिडकीतून मिस्त्रींकडे बघून काहीतरी म्हणाल्या आणि गाडी वळवली.

मिस्त्री लेकीकडे वळले. "काय म्हणाल्या?"

"आजी आता वाट बघणार नाहीत, म्हणाल्या."

लेकीचं बोलणं मिस्त्रींना एकदाच ऐकून समजलं होतं. तरी त्यांनी मान पुढे केली.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "मोठ्याने."