फोटोपुरती नोकरी

त्या सकाळी पाणी वेळेवर आलं, सासूबाईंचा चहा वेळेवर झाला आणि इस्त्रीमावशी स्वतःच्याच कपड्यांना इस्त्री करायला बसली. तयार कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं इस्त्री फिरवलेला हात तो. कॉलरला एक चुणी राहील तर शपथ! कारखाना बंद पडला, पण तिथं पडलेलं नाव तिला कायमचं चिकटलं.

"कुठं लग्नाला निघालीस?" सासूबाईंनी पलंगावरून विचारलं.

"फोटोला. प्रशिक्षण केंद्रावर आज नेमणूकपत्रं देणार आहेत."

"म्हणजे काम लागलं?"

मावशीने इस्त्रीची वायर गुंडाळली.

धान्याचं कार्ड चालू ठेवायचं तर प्रशिक्षण घ्यायचं, असा नियम होता. नियमात वावगं काही नव्हतं. मावशीला तरी काम कुठं नको होतं? पण पहिल्या वर्षी तिला मेणबत्त्या करायला शिकवलं, दुसऱ्या वर्षी कागदी पिशव्या, आणि यंदा तीन महिने चक्क कपड्यांच्या घड्या घालायला! आठवड्याभरात शिकवणारी पोरगीच मावशीकडून घड्या शिकू लागली.

शेवटी दर वर्षी पत्रं वाटली जात, फोटो निघे आणि फोटो झाला की केंद्राचे साहेब पत्रं परत गोळा करत. जितक्या बायका कामाला लागल्या तितकं केंद्राला अनुदान. बायका कामाला लागत त्या फक्त कागदावर. पण कामाला लागलेल्या बाईला धान्य कशाला, म्हणून कार्ड मात्र खरोखर बंद होई. मग दोन-तीन महिने खेटे घातले की पुढच्या प्रशिक्षणात नाव, आणि कार्ड पुन्हा चालू. मागच्या खेपेला त्या मधल्या दिवसांत सासूबाई "मला भूक नाही गं" म्हणून अर्धं ताट सुनेकडे सरकवत. एक दिवस न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या, त्या अजून पलंगावर होत्या.

केंद्रावर बायका तीन रांगांत उभ्या राहिल्या. हातात पाकिटं, चेहऱ्यावर सांगितलेलं हसू. फोटो झाल्यावर मावशीने पाकीट उघडलं. मोठ्या धुलाई कारखान्याचं पत्र होतं. इस्त्री विभाग. उद्या सकाळी आठ वाजता हजर व्हावे. खाली शिक्का. बावीस वर्षं केलेलं तिचंच काम, तेही नुसतं कागदावर! वाचता वाचता तिच्या कानशिलात कोणीतरी लगावल्यासारखं झालं.

"चला, पाकिटं द्या," साहेब म्हणाले. एकेक पाकीट जमा होत गेलं. मावशीने आपलं पिशवीत टाकलं.

"मावशी, पाकीट?"

"यावर माझं नाव आहे, साहेब. हे इथं ठेवलं तर उद्या तिथं काय दाखवू, तोंड?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी आवाज खाली आणला. "ते फोटोपुरतं असतं. तुम्हाला काय हे नवीन आहे?"

"नवीन नाही, म्हणूनच देत नाही."

"कार्ड बंद होईल."

"ते होणारच आहे की! मी कामाला लागले ना?"

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला ती धुलाई कारखान्याच्या फाटकाशी उभी होती. आतून वाफेचा आणि साबणाचा ओळखीचा वास येत होता. मुकादमाने पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"बाई, इथं जागा नाही. आम्ही नुसता शिक्का देतो," तो म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

"तेवढंच लिहून द्या."

"मी कशाला लिहू?"

मावशीने पिशवी टेकवली आणि फाटकाच्या मधोमध बसली. चादरींनी भरलेली गाडी बाहेर पडेना. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले, मुकादम ओरडला, मग गयावया करू लागला. शेवटी अकराच्या सुमाराला त्याने पत्राच्या पाठीवर लिहिलं: 'कामावर आल्या होत्या. जागा नाही.' खाली सही.

तिथून ती थेट धान्य कचेरीत तक्रार करायला गेली. कारकुनाने ते पाहून कपाळाला हात लावला. "कशाला वाकड्यात शिरता? 'पत्र चुकून माझ्याकडे राहिले' एवढं लिहा. सोमवारपासून बिस्किटं भाजायचं प्रशिक्षण आहे, नाव घालतो. कार्ड लगेच चालू."

मावशीचा हात पेनाकडे गेला. पलंगावरची म्हातारी डोळ्यांपुढे आली. "घरी विचारून येते," एवढंच म्हणून ती निघाली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कोपरावर रेटून उठून बसल्या.

"माझ्या पोटाचं निमित्त करून खोटं लिहायचं नाही, सूनबाई. त्या दिवशी मी म्हातारपणानं पडले नव्हते. भुकेनं पडले होते. आजवर तुला बोलले नाही. आता तक्रारीचा अर्ज कर आणि तेही लिही त्यात."

मावशी तिथंच मटकन खाली बसली. रडून झाल्यावर तिने अर्ज लिहिला, सासूबाईंच्या पडण्यासकट. संध्याकाळी ती केंद्रातल्या बायकांच्या घरोघर सह्यांसाठी फिरली. काहींनी दार लोटून घेतलं. त्यांच्या घरीही खाणारी तोंडं होती. अकरा जणींनी सह्या केल्या. शिकवणाऱ्या पोरीने बारावी सही केली आणि त्याच आठवड्यात केंद्रातली नोकरी गमावली.

सहा आठवडे कार्ड बंद राहिलं. त्या अकरा जणींनी आळीपाळीने मावशीकडे आणि एकमेकींकडे डबे पोचवले. मग अर्जावरून चौकशी आली, केंद्राला टाळं लागलं आणि बंद केलेली सगळी कार्डं चालू झाली. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी बायकांना बोलावून तसं जाहीर केलं.

"झालं ना आता समाधान?" त्यांनी विचारलं.

"धान्याचं झालं," मावशी म्हणाली. "कामाचं काय?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यासाठी वेगळा विभाग आहे, वेगळा अर्ज आहे, वेळ लागेल, असं बरंच सांगितलं.

"लागू दे," मावशी म्हणाली आणि समोरच्या बाकावर बसली. शेजारी एकेक करत बाकीच्या बसल्या. बाक पुरेना, तेव्हा शिकवणाऱ्या पोरीने बाहेरून आणखी एक ओढत आणला.